हात काढायचा नाही

आमच्या आत्याला तिच्या वॉर्डात सगळे कॉमेंट्री म्हणतात. तोंडावर अर्थातच 'सिस्टर', पण तिची पाठ वळली की, "कॉमेंट्री कुठंय? कॉमेंट्रीला विचार." कारण आत्याचे हात चालू झाले की तोंडही चालू होतं. एखाद्या बाईच्या पोटावर तळवे ठेवले की लागलीच: "हे ढुंगण, वरच्या बाजूला. ही पाठ, डावीकडे. हे पाय, कसे झाडतोय बघा लबाड. डोकं खाली आहे, पण अजून तरंगतंय, टेकलेलं नाही. श्वास सोडा बाई, कोंडून ठेवून काय लोणी निघणार आहे?"

घरीही सुटका नाही. "आता झाकण काढते. वाफ येतेय. मागे व्हा सगळे." बाबा वर्तमानपत्रामागून म्हणतात, "ताई, डोळे आहेत गं आम्हाला." आणि आजी म्हणते, "लहानपणी बोलायला उशीर लागला होता हिला. तेव्हाचं राहिलेलं आता भरून काढतेय."

पण ती खोड नाही, कामाची रीत आहे. आत्या नवीन लागली तेव्हा तिच्या वरच्या एका करड्या सिस्टरने तिला पहिल्याच आठवड्यात झापलं होतं. "तुझा हात जिथं जातो तिथं दुसऱ्याचा डोळा जात नाही. मग तिथली बातमी कोण देणार, तुझा बाप?" तेव्हापासून हात आत, तोंड चालू. आत्या बुटकी, तळवे मात्र पोळपाटासारखे रुंद, नखं मुळापर्यंत कापलेली, गुडघे बसता-उठता करकरणारे. आवाज नाकातला. आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी एक "हं", शिक्का मारल्यासारखा.

वॉर्डातल्या आयाबाई, म्हणजे मावशी, आत्याच्याच बसने जातात. कधीमधी आमच्याकडे चहाला थांबतात. त्या दिवसाची हकिगत आत्याने चार वाक्यांत उरकली होती. बाकी सगळी मावशींनी सांगितली. हातवारे करून, चहा गार होऊ देऊन.

दुपारची वेळ. लेबर रूममध्ये एकच बाई, पहिलटकरीण. सडपातळ, कपाळाला घामाने चिकटलेले केस, आणि इतकी सभ्य की कळ आली तरी माफी मागायची. "आई गं! सॉरी हं सिस्टर." सोबत सासू. सासूबाईंच्या बोलण्यात पूर्णविराम नावाची वस्तूच नव्हती: "अहो सिस्टर मी काय म्हणते सकाळपासून कळा येतायत पण बाळ काही येत नाही आमच्या वेळी मी भांडी घासता घासता हिचा नवरा झाला म्हणजे माझा मुलगा हो आणि ही नुसती पडून आहे हिला जरा फिरवू का?"

"फिरवायचं नाही," आत्या तपासता तपासता म्हणाली. "डोकं अजून वर तरंगतंय. पाणी गेलेलं नाही. बाथरूमला जायचं तर मला हाक मारा. आणि पोटात आता काही घालायचं नाही. घोटभर पाणी, बस्स. हं."

"छे छे काही नाही म्हणजे काहीच नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि पायाशी असलेली पिशवी त्यांनी पायानेच हळूच पलंगाखाली सारली. हे मावशींनी पाहिलं. पण पिशवीच ती, त्यात काय असायचं, असं त्यांना वाटलं.

आत्या सामान लावून, हात धुऊन परत येतेय तोवर ती मुलगी पलंगाला धरून उभी राहिली होती. "सॉरी हं सिस्टर. काहीतरी फुटलं." फरशीवर पाण्याचं तळं.

मावशी पुसायला वाकल्या. आत्या म्हणाली, "ते राहू दे, पाणी पळून जात नाही. आधी हिला आडवी करा. पाणी गेलं की आधी ठोके."

तिने बाळाचे ठोके ऐकायचं छोटं यंत्र पोटावर टेकवलं. सकाळी त्यातून घोडा दौडावा तसा आवाज येत होता: टकटक टकटक टकटक. आता यंत्रातून आलं, "धप्." मग काहीच नाही. मग पुन्हा "धप्." मावशी हा आवाज घशातून हुबेहूब काढतात.

यंत्र मावशींच्या हातात देऊन आत्याने हातमोजा चढवला. "बाई, हात घालतेय, घट्ट धरू नका अंग. डोकं वरच आहे. आणि डोक्याच्या पुढे..."

आणि गप्प. मावशी सांगतात, इतक्या वर्षांत कॉमेंट्री वाक्याच्या मध्येच तुटलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"नाळ," आत्या म्हणाली. "नाळ डोक्याच्या पुढे घसरलीय. डोकं तिच्यावर बसतंय. मावशी, धोक्याची बेल."

बागेतल्या नळीवर कोणी पाय द्यावा तसं ते असतं. बाळाचं अन्न, श्वास, सगळं त्या नाळेतून. आणि बाळ स्वतःच्याच डोक्याने ती दाबून बसलेलं. प्रत्येक कळेला आणखी दाबणार. उपाय एकच. दोन बोटांनी ते डोकं वर उचलून धरायचं आणि पोट कापून बाळ वरून बाहेर येईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. नाळेला चाचपायचं नाही, ढोसायचं नाही, ती लाजाळूसारखी आखडते. आणि काही झालं तरी हात काढायचा नाही.

आत्याने डोकं उचललं. "धप्... धप्, धप्, धप्." यंत्र जरा धावायला लागलं.

"वाढले!" मावशी ओरडल्या.

"बाई, आता माझं ऐका," आत्याचा आवाज पुन्हा नाकात आला. "पालथ्या व्हा. गुडघ्यावर. डोकं उशीत, ढुंगण छताकडे. लाजू नका, मी कुठं जात नाहीये, माझा हात तुमच्यातच आहे. ढकलायचं नाही. कळ आली की फुंकर मारायची, मेणबत्ती विझवल्यासारखी. फू, फू."

"बाळ...?"

"बाळाच्या नळीवर डोकं बसलं होतं, ते मी उचलून धरलंय. आता सिझर. लगेच."

"सॉरी हं."

"सॉरी मग म्हणा. आता फुंका."

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना प्रत्येक शब्द दोनदा म्हणायची सवय. "काय, काय?" आत्याने एका दमात बातमी दिली. "थिएटर, थिएटर! हात काढू नका, काढू नका."

"काढत नाही."

थिएटर वरच्या मजल्यावर. ट्रॉली आली. ती मुलगी गुडघ्यांवर ओणवी, आणि तिच्यामागे आमची आत्या, करकरत्या गुडघ्यांवर, एक हात आत, दुसऱ्या हाताने ट्रॉलीचा दांडा धरून. मावशींनी दोघींवर मिळून एक चादर टाकली. कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. एक आजोबा म्हणाले, "अरे, ही तर सिस्टर! सिस्टरलाच कळा लागल्या की काय?" त्यांच्या बायकोने त्यांना खाली ओढलं. "गप बसा हो, त्यांचं काय चाललंय, तुमचं काय चाललंय!"

लिफ्टमन म्हणजे त्या इमारतीचा राजाच. स्टुलावर बसून, मान न वळवता बोलायचा. "पेशंट एक, सोबत एक. बाकीचे जिन्याने."

"भैया, चल लवकर," वॉर्डबॉय म्हणाला.

"नियम म्हणजे नियम. ट्रॉलीवर दोघी का? सिस्टर, तुम्ही उतरा खाली."

चादरीतून नाकातला आवाज आला. "उतरते की. हात काढून तुझ्या स्टुलावर ठेवू?"

लिफ्टमनने तेव्हा कुठे मान वळवली. चादरीत काय आहे ते पाहिलं, आणि मावशींच्या शब्दांत सांगायचं तर त्याचा चेहरा इस्त्री न केलेल्या सदऱ्यासारखा झाला. त्याने बटण दाबलं. दार मिटेना. आत फार माणसं झाली होती, लिफ्ट पीं पीं करून ओरडायला लागली. डॉक्टरीणबाई "उतरा, उतरा" म्हणत स्वतःच उतरून जिन्याने पळाल्या, वॉर्डबॉय त्यांच्या मागे. तरी पीं पीं. शेवटी लिफ्टमन स्वतः उठला, स्टूल उचललं आणि बाहेर पडला. "मावशी, तुम्ही दाबा बटण. वरचं. एकदाच दाबा, दोनदा दाबलं की अडकते ती."

दार मिटलं. आणि लिफ्ट सुटते न सुटते तोच कळ आली.

"कळ आलीय," चादरीतून बातमी. "डोकं खाली येतंय. जोरात येतंय. फुंका बाई. फू. मी धरलंय. फू. अजून धरलंय. माझ्या मनगटात गोळा आलाय, येऊ दे. फू." मावशी यंत्र पोटाला लावायचा प्रयत्न करत होत्या, पण लिफ्टच्या घरघरीत नुसतीच खरखर. त्या मुलीने उशी दातांत धरली होती. कळ ओसरली तेव्हा दोघींनी एकदमच श्वास सोडला.

थिएटरमध्ये हिरव्या कपड्यांतली माणसं तयार होती. मुलीला टेबलावर उताणी घेतलं, जराशी कुशीकडे कलती. आत्या टेबलाच्या पायथ्याशी एका बुटक्या स्टुलावर, हात तसाच वर. आता भूलवाले डॉक्टर पुढे आले. हे इतकं हळू बोलतात की मावशी म्हणतात, निम्मी भूल त्यांच्या आवाजानेच चढते.

"शेवटचं कधी खाल्लंत?" त्यांनी विचारलं.

मुलीने डोळे मिटले. "सॉरी हं... सासूबाईंनी डबा आणला होता. मगाशीच. सगळा संपवला. त्यांना वाईट वाटेल म्हणून."

भूलवाल्या डॉक्टरांनी मावशींना दाराकडे खूण केली. मावशी दार ढकलून बाहेर धावल्या. सासूबाई जिना चढून, धापा टाकत तिथं पोचल्याच होत्या. "डबा कधी दिलात हिला?"

"अहो मी काय म्हणते उपाशीपोटी जोर कुठून येणार म्हणून सिस्टर हात धुवायला गेल्या तेव्हा थोडंसं म्हणजे पोटभरच..." मावशींचा चेहरा पाहून त्या थांबल्या. "का हो? काय झालं?"

"भूल देताना उलटी होऊन छातीत गेली तर जीव घुसमटतो. म्हणून खायचं नसतं."

सासूबाई बाकावर बसल्या. मावशी आल्या पावली आत धावल्या.

आत डॉक्टरीणबाई यंत्र पोटावर फिरवत होत्या. इकडे लावलं, तिकडे लावलं. खरखर. मग एक भराभर आवाज आला, पण तो मुलीचाच, भीतीने धावणारा. "ठोके नाहीत, नाहीत. मला मिळत नाहीयेत."

भूलवाले डॉक्टर त्याच संथ आवाजात म्हणाले, "पोट भरलेलं आहे. पूर्ण झोपवायचं म्हणजे आईच्या जिवाला धोका. बाळ जिवंत असेल तर मी तो धोका घेतो, या क्षणी. नसेल, तर घेत नाही. पाठीत इंजेक्शन देतो, सावकाश करू. सिस्टर, तुमचं बोट नाळेजवळ आहे. नाळ उडतेय का?"

सगळे आत्याकडे बघायला लागले. हो म्हणायचं, की नाही? हो म्हटलं आणि बाळ आधीच गेलेलं असलं, तर एका मेलेल्या बाळासाठी त्या मुलीला पणाला लावल्यासारखं. नाही म्हटलं आणि ते जिवंत असलं, तर ते तिथेच संपलं.

आत्याचा हात कोपरापर्यंत बधिर झाला होता. "बोटाला काहीतरी उडतंय," ती म्हणाली. "पण ते बाळाचं की माझंच, मला सांगता येत नाही. हात मेलाय माझा."

पडद्यामागून कोणीतरी "अरे देवा" म्हणालं.

भूलवाले डॉक्टर दोन ढांगांत तिच्यापाशी आले. तिच्या रिकाम्या हाताचं मनगट त्यांनी पकडलं, नाडीवर बोट ठेवलं. "ही तुमची नाडी. तिचा ठोका मी बोलतो. आत बोटाला लागेल तो तुम्ही बोला. मागेपुढे करू नका, लागेल तसं. हं. हं. हं. हं."

"टक," आत्या म्हणाली. "टक. टक. टक."

हं आणि टक एकावर एक पडत होते. पावलावर पाऊल. म्हणजे आत उडत होतं ते आत्याचंच रक्त.

"अजून," डॉक्टर म्हणाले. "हं. हं. हं."

"कळ आहे," आत्या म्हणाली. "कळेत नाळ दबते. ओसरू दे. बाई, फुंका. ओसरतेय. जराशी राहिलीय."

मावशी सांगतात, एवढं मोठं थिएटर, पण आवाज फक्त त्या मुलीच्या फुंकरीचा.

"हं. हं. हं. हं," डॉक्टर. आत्याची नाडी सुसाट पळत होती.

"टक," आत्या म्हणाली. मग थांबली. "हं. हं," डॉक्टर. "टक," आत्या. "हं. हं." "टक." तिचा 'टक' आता त्यांच्या दोन हुंकारांच्या मध्येच कुठेतरी पडत होता, अडखळत, रमतगमत, दमलेल्या माणसाने जिना चढावा तसा. पण स्वतःच्या पायांनी.

"हे माझं नाही," आत्या म्हणाली. "हे त्याचं आहे. हळू आहे, पण त्याचं आहे!"

"झोपवतोय," भूलवाले डॉक्टर म्हणाले, आणि तोवर ते टेबलाच्या डोक्याशी पोचलेही होते. पोटातलं वर येऊ नये म्हणून मुलीच्या गळ्यावर मदतनिसाने बोटं दाबून धरली, औषध गेलं, नळी घशात सरकली. "आत आहे. उलटी नाही. कापा."

हिरवी चादर आत्याच्या डोक्यावरून पसरली गेली. आता ती एका अंधाऱ्या तंबूत, वर दिव्याचा हिरवट उजेड. वरून डॉक्टरीणबाईंचे तुटक शब्द: "सुरी, सुरी. पुसा, पुसा." मग आत्याला तिच्या बोटांच्या वरच्या बाजूने काहीतरी सरकत आलेलं जाणवलं.

"हे काय लागतंय? बोटं कोणाची, कोणाची?"

"माझीच, डॉक्टर!"

"मग ढकला, ढकला!"

आत्याने उरलासुरला जीव त्या दोन बोटांत आणला. डोकं वर सरकलं, आणि एकदम बोटांवरचं ओझं नाहीसं झालं. "डोकं वर गेलं. माझ्या हाताला आता काही लागत नाही. हं."

आणि मग वरून काहीच ऐकू येईना. रडणं नाही, बोलणं नाही. कोणाच्या तरी चपला भराभर कोपऱ्याकडे गेल्या. काहीतरी फस्स फस्स करतंय. आयुष्यभर जिने दुसऱ्यांना बातम्या पुरवल्या, ती चादरीखाली बसलेली, आणि तिला सांगायला कोणी नाही.

"अरे, बोला की कोणीतरी!" चादर ओरडली.

बाळाचे डॉक्टर नवे, मुखदुर्बळ. त्यांना बोलायची सवयच नाही. तरी कोपऱ्यातून त्यांचा घोगरा आवाज आला, वर्गात उभं करून धडा वाचायला लावल्यासारखा. "बाळ... पांढरं आहे. ढिलं आहे. मी फुग्याने हवा देतोय. छाती... हलतेय. ठोके आहेत. हळू आहेत."

"पुढे!"

"हवा देतोय. ठोके वाढले. अजून वाढले. ओठ जरा... गुलाबी होतायत. हात वर घेतला त्याने. स्वतः श्वास..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत एक आवाज आला. धड रडणंही नाही, गंजलेली बिजागरी उघडावी तसं काहीतरी. मग पुन्हा. मग खरंखुरं, संतापलेलं, कान किटवणारं. मावशींनी त्या रडण्याची नक्कल करायचा प्रयत्न केला आणि त्यांना स्वतःलाच रडू आलं, ते वेगळं.

"मुलगा की मुलगी?" चादरीने विचारलं.

कोपऱ्यात गडबड उडाली. "अं... ते बघायचं राहिलंच. थांबा. मुलगी."

आत्या उठायला गेली, तर डॉक्टरीणबाई टाके घालता घालता ओरडल्या, "हलू नका, हलू नका! तुमच्यावर माझी सगळी चादर आहे." म्हणून सगळे टाके होईपर्यंत ती तिथेच अडकून बसली, पायांना मुंग्या येऊन, पोरीचा आरडाओरडा ऐकत. बाळंतिणीला जाग यायला लागली तेव्हाच आत्याला चादरीखालून बाहेर काढलं. नळी काढल्यावर बाळंतीण खोकली, दोनदा, जोरात. भूलवाले डॉक्टर पहिल्यांदाच हसले.

बाहेर बाकावर सासूबाई तशाच बसलेल्या होत्या. आत्या लंगडत आली. उजवा हात तिने डाव्या हातात धरला होता. दोन बोटं अजून सरळ, बाकीची वाकडी, मिटतही नव्हती आणि उघडतही नव्हती.

सासूबाई उठल्या. "माझी सून?"

"खोकली. छाती मोकळी आहे. खोकली म्हणजे चांगलं असतं."

सासूबाईंनी डोळे गच्च मिटले. मग त्यांनी विचारलं, "आणि बाळ?"

"मुलगी आहे. आज काचेच्या खोलीत ठेवतील, बघायला सोडतील."

आत्याला वाटलं, आता त्यांची टकळी सुरू होणार. पण सासूबाईंनी तिला बाकावर बसवलं, तिचा तो लाकडासारखा हात आपल्या मांडीवर घेतला, आणि एकेक बोट हळूहळू चोळून सरळ करायला लागल्या.

"दुखतंय?"

"अंगठ्याजवळ," आत्या म्हणाली. "तिथं जरा जोरात. हं."